ठकूचा फोन

आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागलं की मी त्याला आधी एकच गोष्ट सांगते. पेशंटला 'ओळखलं का?' असं विचारायचं नाही. बाकीचं हळूहळू जमतं. अंघोळीचं पाणी पहिल्यांदा पायांवर घालायचं, डोक्यावर नाही. मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, समोरून जायचं. कपडे ज्या क्रमाने अंगात घालायचे त्याच क्रमाने पलंगावर मांडून ठेवायचे. हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. पण 'ओळखलं का?' म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा काही उतरतो, की बघवत नाही. आणि नातेवाईक तर दारातून आत पाय टाकायच्या आधी तेच विचारतात. 'बाबा, सांगा बरं मी कोण?' अरे, तुझ्या बापाला स्वतःचं नाव आठवेना, आणि तू तुझं विचारतोस! हे मी मनात म्हणते हो. तोंडाने म्हणते, बसा, पाणी आणते.

मी इथली मावशी. नर्स नव्हे, नर्सच्या हाताखालची. अंघोळी घालायच्या, भरवायचं, चादरी बदलायच्या, फिरवून आणायचं, आणि दिवसभर तोंड चालू ठेवायचं. या शेवटच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. माझ्याबरोबर एक मामा आहेत, दरवाज्यातून आडवे आत येतात एवढे रुंद, म्हणून त्यांना सगळे पहिलवान म्हणतात. मनाने मात्र इतके हळवे, की पेशंटची नखं कापताना स्वतःच डोळे मिटतात. आमच्या वर सिस्टर. तिच्या हाताखाली सगळा मजला, आणि मजल्यावर सगळे अल्झायमरचे पेशंट.

दुसरा नियम म्हणजे होला हो. पेशंट जिथे असेल तिथे आपण जायचं, त्याला ओढून आपल्याकडे आणायचं नाही. आमच्याकडे एक काका आहेत, जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. ते जेवणाच्या खोलीत प्रत्येकाला कागदाचा तुकडा फाडून देतात आणि 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणतात. तिकीट घ्यायचं आणि पुढे सरकायचं. एकदा एक नवी मुलगी त्यांना म्हणाली, 'काका, ही बस नाही.' झालं! काकांनी घंटा वाजवून बस थांबवली, तिला खाली उतरायला सांगितलं, आणि ती उतरेना म्हणून संध्याकाळपर्यंत कोणी जेवलं नाही. तेव्हापासून ती मुलगीही मुकाट्याने तिकीट घेते.

आणि या कंडक्टर काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची आमची टेलिफोनबाई.

ही बाई तरुणपणापासून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी दुसऱ्या गावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगायचा, मग तिथल्या बाईने वायर या भोकातून काढून त्या भोकात खोचायची, आणि मग तुमची लाइन लागायची. तीन मिनिटं झाली की ती मध्ये येऊन विचारणार, वाढवून देऊ का. टेलिफोनबाईला नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं, पण हे सगळं हातांत होतं. जेवणाच्या टेबलावर तिचे हात हवेत वायरी खोचत असायचे. कंडक्टर काका तिला म्हणायचे, 'बाई, जरा डेपोला लावून द्या.' ती कानाला कंगवा लावायची, दोन-चार वेळा हॅलो हॅलो करायची, मग कंगवा काकांच्या हातात द्यायची. 'बोला, लाइन चालू आहे.' आणि एवढं म्हणून झालं की तोंड खिडकीकडे वळवून दोन्ही कानांत बोटं घालायची. काका डेपोमॅनेजरला वाट्टेल त्या शिव्या देत बसायचे, हिला पत्ता नाही. मी एकदा विचारलं, 'आजी, कानांत बोटं कशाला?' तर माझ्यावरच डोळे वटारले. 'दुसऱ्याच्या लाइनवर कान ठेवला तर नोकरी जाईल माझी. आमच्यात ते चालत नाही.'

दिवसभर ही अशी गोड. पण दुपारचा चहा झाला, उन्हं कलली, की तिचं सगळं बदलायचं. या आजारात बऱ्याच जणांचं तसं होतं, संध्याकाळ जवळ आली की जीव घाबरा होतो. टेलिफोनबाई उठून उभी राहायची. कंगवा कानाला. 'हॅलो, हॅलो. लाइन लागत नाही. ठकूला कळवायचंय. अहो, कोणीतरी लाइन द्या.' मग कंगवा टाकून दार वाजवायची, मग रडायची, मग जो कोणी धरायला जाईल त्याला ओरबाडायची. पहिलवानांच्या हातावर तिची नखं उठलेली असायची. रात्रीचं जेवण नाही, गोळ्या नाहीत, झोप नाही. वजन उतरत चाललं होतं. नाकी नऊ आणले तिने आमच्या.

ठकू म्हणजे कोण, ते तिच्या मुलाने सांगितलं. मुलगा दर रविवारी यायचा, भला माणूस, आईची नखं स्वतः कापायचा. ठकू त्याची मोठी बहीण. तिचं शिक्षण चालू होतं, दूर हॉस्टेलवर होती, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती, आणि इकडे वडील अचानक आजारी पडले. दवाखान्यात ठेवलं. आईला वाटलं, बरे होतील, पोरीचं वर्ष कशाला वाया घालवायचं. आज नको, उद्या कळवू. उद्याही नको, पेपर संपू दे. पेपर संपायच्या आधी वडील गेले.

'ताई आली तेव्हा सगळं आटोपलं होतं,' मुलगा म्हणाला. 'दारात उभी राहून आईला एकच वाक्य बोलली. अख्ख्या गावाचे फोन लावलेस, माझा एक लावता आला नाही तुला?'

त्यानंतर ती पाहुण्यासारखी दोन-तीनदा येऊन गेली असेल. पुढे तेही बंद. भावाला फोन करते, आईचं नाव काढत नाही.

'तुम्ही तिला सांगा ना इथलं,' मी म्हटलं.

'सांगितलंय. म्हटलं, आई रोज कंगवा कानाला लावून तुला फोन लावते, लाइन लागत नाही म्हणून रडते. तू ये आणि एकदा उचल. तर म्हणाली, येते पुढच्या महिन्यात.'

पुढचा महिना आला आणि गेला. मग म्हणे त्याच्या पुढचा. मी सिस्टरला म्हटलं, 'येते कसली! असल्या लेकी मी पोत्याने पाहिल्यात. बाई गेली की येतील, डोळ्यांना पदर लावून.' सिस्टर म्हणाली, 'मावशी, तोंड आवरा.' तोंड आवरलं असतं तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

तो दिवस फार वाईट होता. दोन जणी सुट्टीवर, एका पेशंटला जुलाब, लिफ्ट बंद. मी जेवणाच्या खोलीत चमचे पुसत होते आणि टेलिफोनबाई सुरू झाली. 'लाइन लागत नाही. लाइन लागत नाही.' दारावर डोकं आपटायला लागली. खरोखर आपटायला लागली हो, कपाळ लाल झालं. पहिलवान मध्ये हात घालत होते, ती त्यांना चावायला बघत होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हातातला चमचा कानाला लावला आणि म्हटलं, 'हॅलो.'

ती थांबली. कंगवा हातात होताच, तो कानाला लावला.

'हॅलो? कोण, ठकू?'

'हो आई,' मी म्हटलं.

'ठकू, नीट ऐक. बाबांना दवाखान्यात ठेवलंय. परीक्षा राहू दे. तू निघ आधी.'

'निघाले, आई.'

'चुकलं माझं, मी आधीच कळवायला हवं होतं गं. आज कळवते, उद्या कळवते, असं करत राहिले. रागावलीस?'

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. आवाज येत नाही म्हणायचं, लाइन कट झाली म्हणायचं, काहीही. पण तिचं ते लाल झालेलं कपाळ माझ्यासमोर होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

'नाही गं आई. मी नाही रागावले. मुळीच नाही.'

तिने कंगवा खाली ठेवला. खुर्चीवर बसली. हाश्श केलं. 'लागली बाई एकदाची लाइन,' असं कंडक्टर काकांना म्हणाली, आणि दुधात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली. त्या रात्री गोळी न घेता झोपली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सिस्टरने माझी पाठ थोपटली, आणि मी म्हणजे काय, फुगले नुसती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उन्हं कलली की हॅलो हॅलो. पण आता औषध सापडलं होतं. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना सांगायचो तसं हेही सांगायला लागलो, अमक्याला ठसका लागतो, पाणी पावडर घालून घट्ट करून द्या, तमकीचा डावा पाय सुजलाय, टेलिफोनबाईचा फोन आला तर उचला. माझी सुट्टी असेल तेव्हा बाकीच्या दोन मावशींपैकी एखादी ठकू व्हायची. एकदा कोणीच नव्हतं तर पहिलवान बारीक आवाज काढून ठकू झाले. 'हो आई, निघालो,' म्हणाले. निघालो! आम्ही पोट धरून हसलो. पण तिला चाललं. तिला कोणाचाही आवाज चालला, कारण तिला हवं होतं तेवढं ऐकायला मिळत होतं. मी नाही रागावले.

असं बरेच दिवस गेले. मग एका दुपारी चहा झाला, उन्हं कलली, आणि टेलिफोनबाई तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. कंगवा कमरेलाच खोचलेला. मी मुद्दाम म्हटलं, 'आजी, ठकूला फोन नाही लावायचा?' तर माझ्याकडे बघून हसली. 'कोण ठकू?'

सिस्टर म्हणाली, आजार पुढे सरकला, तो सरकणारच. म्हटलं, तसंच असेल. वजन वाढलं, झोप लागायला लागली, ओरबाडणं थांबलं. सुंठीवाचून खोकला गेला असं आम्ही म्हणत राहिलो.

आणि मग ठकू आली.

भावाबरोबर आली. केस पिकलेले, पाठ ताठ, हातात छोटी बॅग. नाक आईचं. आल्या आल्या मला नमस्कार करून म्हणाली, 'मावशी, साधारण चारच्या सुमाराला ती फोन लावते ना? मी तेव्हा तिथे बसू का? की पलीकडच्या खोलीत बसू, म्हणजे तिला लांबून बोलल्यासारखं वाटेल?' सगळं ठरवून आली होती बिचारी. पुढे म्हणाली, 'मला यायला उशीर झाला. घरून तीनदा निघाले आणि परत फिरले. मला तिला एवढंच सांगायचंय की मी आता रागावलेली नाही. तेवढं तिच्या कानावर पडलं की झालं. मग ती मला विसरली तरी चालेल.'

तिच्या भावालाही आम्ही सगळं सांगितलं नव्हतं. आई शांत झाली एवढंच सांगितलं होतं. तोही खूश होता, खोलात कशाला जाईल.

मी तिला आईजवळ नेलं. आणि तिने तेच केलं जे सगळे करतात. गुडघ्यांवर बसली, आईचा हात धरला आणि म्हणाली, 'आई, ओळखलंस का?'

टेलिफोनबाईने हात हळूच सोडवून घेतला. 'अहो, खाली कशाला बसलात? खुर्चीवर बसा ना. चहा घेणार?'

ठकू खुर्चीवर बसली. चहा झाला, उन्हं कलली. ती आईच्या हातांकडे बघत होती. कंगवा समोर टेबलावर होता. बराच वेळ गेल्यावर तिने तो उचलून आईच्या हातात दिला. टेलिफोनबाईने कंगवा उलटसुलट केला, आणि केस विंचरायला लागली. हळूहळू, मानेपासून, जसे कोणीही विंचरेल तसे. ठकू पुन्हा पुन्हा बघत होती, आता कानाकडे नेईल, मग नेईल. विंचरून झाल्यावर बाईने कंगव्यातला केस काढला, बोटाला गुंडाळला, आणि कंगवा खाली ठेवला.

'आज नाही वाटतं लावत,' ठकू म्हणाली.

मला राहवलं नाही. मी तिला व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. चमचा, हॅलो, हो आई. रागावलीस का, आणि त्यावर मी काय म्हटलं ते. पुढे रोज काय म्हणत राहिलो ते. लपवून काय करू, कधीतरी पहिलवानांच्या तोंडून निघालंच असतं.

तिने विचारलं, 'कोण कोण झालं ठकू?'

मी आमच्या तिघींचं सांगितलं. पहिलवान दारामागे उभे होते, त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. 'एकदाच, ताई,' म्हणाले.

ती हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला.

'तुम्ही कोण हो तिला माफ करणाऱ्या?' ती मला म्हणाली. 'मला किती वर्षं लागली माहितीये? तुम्ही चमचा पुसता पुसता करून टाकलंत?'

माझ्याकडे उत्तरं होती. ती डोकं आपटत होती, तुम्ही कुठे होतात, हे एक. आजार थांबत नाही, तुमच्यासाठी थांबला नसता, हे दुसरं. आमच्या कामात हे करावंच लागतं, हे तिसरं. सगळी खरी होती. मी नुसती 'चुकलं' म्हणाले, आणि ते म्हणताना माझ्या लक्षात आलं की हा शब्दसुद्धा मी टेलिफोनबाईकडूनच ऐकून ठेवलाय. 'आज कळवते, उद्या कळवते' तशी ही लेक 'पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात' करत राहिली. मायलेकी अगदी एका साच्यातल्या. आणि मध्ये मी शहाणी, दोघींची लाइन स्वतःच्या कानाला लावून बसले.

सिस्टर तिची समजूत घालायला आली. तिच्याही तोंडून नको ते गेलं. 'आता बैल गेला आणि झोपा केला, ताई, मनाला लावून घेऊ नका.' ठकू म्हणाली, 'बैल गेला नाही अजून. आत बसलाय.' आणि पुन्हा आईशेजारी जाऊन बसली.

मला वाटलं होतं, ही रागाने निघून जाईल. नाही गेली. आठवडाभराची सुट्टी काढून आली होती, तर रोज सकाळी हजर. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, 'तिला अंघोळ कशी घालता ते दाखवा.' मी दाखवलं. आधी पाय. मग हातात एक टॉवेल द्यायचा घट्ट धरायला, म्हणजे हात मोकळे राहत नाहीत आणि बाई घाबरत नाही. उघडं अंग झाकत झाकत धुवायचं. ठकूने पहिल्यांदा पाणी घातलं तेव्हा अर्धं जमिनीवर सांडलं. टेलिफोनबाई म्हणाली, 'नवीन आहात वाटतं? होईल सवय.' तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'तुमचा हात हलका आहे.' ठकू माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी पण गप्प. मी गप्प म्हटल्यावर कंडक्टर काकांनी दोनदा विचारलं, आज गाडी बंद आहे का म्हणून.

रोज चारला कंगवा टेबलावर असायचा. रोज टेलिफोनबाई केस विंचरायची.

शेवटचा दिवस आला. ठकूला संध्याकाळी निघायचं होतं, बॅग दाराजवळ ठेवली होती. चहा झाला. आईचे केस आज तिनेच विंचरले, वेणी घातली, कंगवा आईच्या मांडीवर ठेवला, आणि समोरच्या खुर्चीवर बसली. हात रिकामे. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. पुसतही नव्हती. मी चमचे पुसायचे थांबवले.

टेलिफोनबाईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत जरा सावरून बसली, पदर नीट केला.

'केव्हाच्या बसलात हो ताटकळत?' ती म्हणाली. 'लांबचा लावायचाय का?'

ठकूने माझ्याकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी म्हटलं, 'सांगा ना बाईंना कुठे लावायचाय ते.'

'घरी,' ठकू म्हणाली. 'आईला.'

'नंबर?'

ठकूने नंबर सांगितला. त्यांच्या जुन्या घरचा चार आकडी नंबर. टेलिफोनबाईचे ओठ हलले, आकडे तिने परत म्हणून घेतले. 'बघते लागतोय का. त्या बाई नोकरी करतात, घरी असल्या तर बरं.' हवेतली वायर काढली, हवेत खोचली. कंगवा कानाला. 'हॅलो, हॅलो.' मान हलवली. 'वाजतंय.' आम्ही सगळे जागच्या जागी उभे, पहिलवान हातात बेडपॅन घेऊन तसेच. कंडक्टर काकासुद्धा पुढे सरका म्हणाले नाहीत.

मग तिचा चेहरा उजळला. 'उचलला. बोला बाई, लाइन चालू आहे.' तिने कंगवा लेकीच्या हातात दिला, तोंड खिडकीकडे वळवलं, आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

ठकूने कंगवा कानाला लावला. मग बोलली.

'आई, मी ठकू. मी रागावले होते. फार रागावले होते गं, खोटं कशाला सांगू. बाबांना शेवटचं बघायला मिळालं नाही म्हणून रागावले, आणि मग रागावायची सवयच लागली. आता नाही राग. तू एकटीने सगळं केलंस तेव्हा, दवाखाना आणि धाकटा आणि ड्यूटी, मी कधी विचारलंही नाही तुला. तूही फोन लावायला हवा होतास. मी पण लावायला हवा होता. ऐकतेस ना?'

ती आई हातभर अंतरावर होती. खिडकीबाहेर बघत होती, बोटं कानांत अगदी गच्च. माझ्या जिवाची इतकी तगमग झाली, की मी पुढे झाले, म्हटलं हळूच तिचे हात खाली घेते, एवढं एक वाक्य पडू दे कानावर. एवढं तरी मी नीट करते. माझा हात तिच्या मनगटापर्यंत गेला होता. ठकूने मान हलवली, नको म्हणून. तिच्या आईच्या नोकरीचा नियम होता तो.

मी मागे सरले.

ठकू बोलत राहिली. लहानपणचं काही, बाबांच्या सायकलचं काही, मला सगळं कळलं नाही. मग मीही तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने टेलिफोनबाईने एका कानातलं बोट काढलं आणि लेकीकडे वळून अदबीने म्हणाली, 'तीन मिनिटं झाली, बाई. वाढवून देऊ?'

'द्या,' ठकू म्हणाली.

टेलिफोनबाईने मान डोलावली, आणि पुन्हा कानात बोट घातलं.